कुरवंड्याची रेंज

१

कैलास भल्या पहाटे पिकअप घेऊन कुरवंड्याला बैल आणायला गेला आणि उन्हं अंगणात उतरली तेव्हा रिकामाच परत आला. मागच्या हौद्यात बैलासाठी पसरलेला पेंढा जसाच्या तसा होता. नवी झूल पुढच्या सीटवर घडी न मोडता पडली होती. दारात राजेश्वरी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. तिला वाटलं, बैल मागून दुसऱ्या गाडीतून येत असेल.

"खोंड कुटंय?" तिनं विचारलं.

"तुझ्या भावाच्या गोठ्यात," कैलास म्हणाला आणि त्यानं ताटातला दिवा हाताच्या फटक्यानं विझवला.

ज्याला मावळातला बैलगाडा ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढं समजावं, की गाडामालक एक वेळ उपाशी झोपेल, पण शर्यतीच्या घाटात दुसऱ्याचा गाडा आपल्यापुढे गेलेला त्याला सोसत नाही. त्यातून दुसरा म्हणजे सख्खा मेव्हणा असला तर बोलायलाच नको. राजेश्वरीचा धाकटा भाऊ महिपती आंबीचा. तिथल्या जत्रेत त्याचा गाडा दर साली पहिला यायचा आणि सुदुंबऱ्याचा कैलास दर साली दुसरा. महिपतीच्या गाड्याचा फोटो कुणी स्टेटसला ठेवला तरी कैलासला जेवण जात नसे. यंदा त्यानं कुरवंड्याच्या बहिरूकडचा एक खोंड हेरला होता. डोंगरउतारावर वाढलेला, वाऱ्यासारखा. सोमवारी दुपारी फोनवर सौदा ठरला. ही गोष्ट कैलासनं संध्याकाळी एकट्या राजेश्वरीला सांगितली, तीही "कुनाला बोलू नगंस" म्हणून बजावून.

मंगळवारी महिपती रताळ्यांचं पोतं द्यायला म्हणून बहिणीकडे आला. बुधवारी त्यानं कुरवंड्याहून खोंड नेला. आज गुरुवार.

"माझ्याबिगर म्हाईत असलेली तू एकटी," कैलास म्हणाला. "भाऊ येऊन गेला आन खोंड गेला. शेंबड्या पोराला बी कळंल. जत्रा होस्तवर म्हायेरी जा. त्येच्या गाड्यापुढं नारळ फोड. मंग बगू."

"मग बघू" या दोन शब्दांचा अर्थ राजेश्वरीला नेमका कळला. जत्रेच्या तोंडावर नवऱ्यानं धाडून दिलेली बाई, ती का गेली हे गावाला कळायला वेळ लागत नाही. आणि एकदा कळलं की जन्मभर पुसत नाही.

"जाईन," ती म्हणाली. "पन चोर म्हनून जायाची न्हाई. आदी कुनी सांगितलं त्ये दावते, मंग पिशवी भरते."

कैलास पिकअपचं दार आपटून म्हणाला, "आन गाडीत फोनचा डबा बसवनाऱ्या त्या आदिनाथला सांग, काडून न्हे म्हनावं त्यो! सकाळी चावी फिरीवली तर भजन असं बोंबललं, कानाचं पडदं फाटायची पाळी."

या सगळ्या कल्लोळात कैलासचे वडील, अंबाजी आबा, गोठ्याजवळच्या दगडावर बसून आपल्या म्हाताऱ्या बैलाची, पतंग्याची मान खाजवत होते. आबांना ऐकू येत नसे. कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून ते डबीत गेलं ते गेलंच. तेव्हापासून घरानं त्यांच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं आणि आबांनी विचारणं सोडलं होतं.

"आबा, च्या ठिवलाय," राजेश्वरी डोळे पुसत ओरडली.

"हं," आबा म्हणाले. चहा म्हटलं तरी हं, आग लागली म्हटलं तरी हं. चहा तिथंच गार झाला.

२

राजेश्वरीनं पहिली झडती घेतली ती नवऱ्याचीच.

"फोनवर बोललात त्ये कुटं बसून?"

"आतल्या खोलीत. दार लावून. पंखा चालू व्हता."

"अंगनात कोन व्हतं?"

"चिटपाखरू नव्हतं. तू कांद्यात गेलतीस, कोमल कंपनीत. आबा तेवढं व्हतं, आन आबांच्या कानाशी तोफ उडीवली तरी..." त्यानं हात झटकला.

"बोलनं सलग झालं?"

"मधी जरा आवाज गेला. हॅलो हॅलो करीत बसलो. मंग आला. कुरवंड्याची रेंज, दुसरं काय!"

यावर कुणीच शंका घेतली नसती. कुरवंडं नागफणीच्या कड्याच्या पायथ्याला, तिथं फोन म्हणजे नवसाचा. मावळात बोलणं मध्येच तुटलं की माणूस डोंगराला शिवी देतो आणि पुढे बोलू लागतो.

राजेश्वरीचं मन मात्र आधीच एका जागी जाऊन बसलं होतं. कोमल. तिची नणंद, कैलासची धाकटी बहीण. आंबीच्या कारखान्यात नोकरी, पिकअप चालवते म्हणून गावभर कौतुक, आणि भावाचा तर शब्द खाली पडत नाही. कैलास घाटात एका हातानं फोन धरून गाडी चालवतो म्हणून हिनंच तळेगावच्या आदिनाथच्या दुकानातून हँड्सफ्रीचा डबा बसवून घेतला. ड्रायव्हरच्या डोक्यापाशी माइक, दाराला हा मोठा स्पीकर. त्या डब्याला दादाचा फोन जोडला, स्वतःचा जोडला. राजेश्वरीनं "माझा?" म्हटलं तर ही हसून म्हणाली, "वहिनी, तुझं काय काम पिकअपमध्ये?" ते हसणं राजेश्वरीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. नवरा दिवसभर त्या पिकअपमध्ये, त्या पिकअपमध्ये नणंदेचा फोन, आणि बायकोला जागा नाही! जळफळाट व्हायचा तो झालाच होता. आता त्याला चोर पकडायची संधी मिळाली.

शिवाय महिपतीच्या गाडीलाही डबा आदिनाथनंच बसवला होता. आणि कोमलच्या तळेगावला फार खेपा होत होत्या. दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो!

तिनं महिपतीला फोन लावला.

"आक्के, तुला सांगू शकत न्हाई," तो म्हणाला. "शब्द दिलाय. पन येक सांगतो. ज्यानं सांगितलं त्यानं माझ्याकडं कायबी मागितलं न्हाई. आन तुझं नाव यात आलंय हे मला आत्ता कळतंय."

"मंग सांग की तुझ्या दाजीला!"

"सांगितलं तर इस्वास ठिवंल का त्यो? म्हनंल, भन भावाला आन भाव भनीला झाकतोय."

खरंच होतं ते. राजेश्वरीनं फोन ठेवला आणि कोमलला हाक मारली. "चल, मला कुरवंड्याला न्हे."

कोमलचा चेहरा उतरला. "कशाला, वहिनी?"

राजेश्वरीला तो उतरलेला चेहरा पाहून फार बरं वाटलं.

३

लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. तीतून कोमलनं पिकअप अशी काढली की एका ट्रकवाल्यानं हात वर करून शाबासकी दिली. राजेश्वरी खिडकीबाहेर बघत राहिली. कौतुक करायला तिची जीभ उचलली नाही.

बहिरूचं घर कुरवंड्याच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत. रिकाम्या खुंट्याजवळ तो विळा घेऊन बसला होता. राजेश्वरीला पाहून उठला.

"वयनी, मी शब्द मोडनारा मानूस न्हाई," तो आधीच म्हणाला. "महिपतीशेठ आलं आन म्हनलं, कैलासभाऊ आमचं दाजी हायती, घरातलीच गोष्ट हाय. समदं बारीकसारीक त्यान्ला ठावं. खोंड कवा न्यायाचा त्ये ठावं. बदल्यातला बैल द्यायाचा त्ये बी ठावं. म्हनलं, त्यो म्हातारा बैल मातुर तू घ्यायाचा न्हाईस. त्येच्यावर लय जोर दिला त्यांनी."

"कसला बदल्यातला बैल?"

बहिरू चकित झाला. "तुमचा पतंग्या. त्यो मला द्यायाचा ठरलावता की. मी भाऊंना फोनवर म्हनलं, माझ्याकडं चारा थोडा, पावसाळा काय निभायचा न्हाई, बैलाला बाजार दावावा लागंल, चालंल का? भाऊ लय येळ गप. मंग म्हनलं, 'हं.'"

पतंग्याला विकायचं ठरलं होतं, आणि ते नवऱ्यानं तिच्यापासूनही लपवलं होतं. म्हणजे ज्यानं महिपतीला सांगितलं त्याला तिच्याहून जास्त माहीत होतं. ती सुटली होती! पण आनंद करायच्या आधी तिला आणखी एक गोष्ट टोचली.

"बहिरूभाऊ, मधी फोन तुटला व्हता ना? हितली रेंज..."

"हितली कशी? मी त्या दिशी लोनावळ्याच्या बाजारात व्हतो. आवाज घंटेवानी खनखनीत. फोन तुटला बिटला न्हाई."

कैलास म्हणतो, मध्ये आवाज गेला होता, मी नुसतं हॅलो हॅलो करत होतो. बहिरू म्हणतो, आवाज गेला नव्हता आणि उत्तरही आलं. दोघंही खरं बोलत असतील तर मग कैलासच्या फोनवरून 'हं' म्हणालं कोण?

४

बहिरूची बायको चहा टाकते म्हणाली तेवढ्यात राजेश्वरीनं पाहिलं, कोमल घराच्या मागे करवंदीच्या जाळीआड जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होती. पाठ वळवून, पदराआड तोंड केल्यासारखी. आता पकडली, असं मनाशी म्हणत राजेश्वरी दबक्या पावलांनी पिकअपशी गेली. पिकअप जाळीपासून हाकेवर उभी होती. आत बसून काचेतून नणंदेवर नजर ठेवावी, हा तिचा बेत. केबिनमध्ये उकडत होतं. पंखा लागतो का बघावं म्हणून तिनं चावी अर्धी फिरवली.

आणि दारातला स्पीकर कडाडला.

"वहिनीला संशय आलाय का?"

आवाज आदिनाथचा होता.

"कोमल? ऐकतेस ना? तुझ्या वहिनीला संशय आलाय का?"

"हं," राजेश्वरीच्या तोंडून निघून गेलं.

"मग झालंच! आता दादाला सांगून टाक. मी रविवारी आईला घेऊन मागणी घालायला येतो. किती दिवस तळेगावच्या खेपा करशील?"

बाहेर कोमल फोन हलवत ओरडत होती, "हॅलो? हॅलो! गेली वाटतं रेंज!" मग तिची नजर पिकअपकडे गेली आणि ती तिथंच खिळली.

राजेश्वरीनं चावी उलटी फिरवली. स्पीकर गप झाला. जाळीपाशी कोमलच्या कानातल्या फोनमधून आदिनाथचा बारीक आवाज पुन्हा येऊ लागला असावा, कारण तिनं घाईघाईनं तो बंद केला.

"वहिनी, दादाला सांगू नकोस," ती रडवेली होऊन म्हणाली. "तळेगावचा मुलगा, दुकानदार, दादा चिडेल. म्हणून लपवलं. खोंडाचं मला काही माहीत नव्हतं, आबांची शपथ!"

खरं सांगायचं तर राजेश्वरीची थोडी निराशाच झाली. ज्या नणंदेला चोर ठरवायचं तिनं ठरवून टाकलं होतं, ती नुसती प्रेमात निघाली. पण तिचं लक्ष आता चावीवर होतं. तिनं ती परत अर्धी फिरवली, परत बंद केली.

"ह्यो डबा चावी फिरली की फोन धरतो व्हय? बोलनं चालू असलं तरी?"

"चावी फिरली की जागा होतो. जवळपास ओळखीचा फोन असला की त्याला धरतो. चालू बोलणंही फोनमधून उडून इथं येतं. फोनवाल्याला वाटतं, रेंज गेली."

"आन हितं बसलेल्याला समदं ऐकू येतं. आन त्यानं 'हं' म्हनलं तर तिकडं जातं."

"हो. पण वहिनी, आपल्या अंगणात गाडीत बसणार कोण? मी कंपनीत होते."

राजेश्वरी सीटवर मागे टेकली. मघाशी कडाडलेल्या स्पीकरनं तिचे कान अजून घणघणत होते.

"कोमल," तिनं विचारलं, "तू भजनं कवापासनं ऐकायला लागलीस?"

५

परतीच्या वाटेवर कोमलनं ते सांगितलं, आणि राजेश्वरीला स्वतःचीच लाज वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

भजनं कोमलसाठी नव्हतीच. डब्याला लावलेला भजनांचा पेनड्राइव्ह आबांचा. दुपारी घर पांगलं की आबा खुंटीवरची चावी घ्यायचे, गोठ्यापलीकडे चिंचेखाली उभ्या पिकअपमध्ये बसायचे, काचा वर करायचे आणि चावी अर्धी फिरवायचे. कोमलनंच शिकवलं होतं. स्पीकर दाराला, आबांच्या उजव्या कानाशी. आवाज पार शेवटापर्यंत वाढवला की त्यांना शब्दन् शब्द कळत असे. राजेश्वरीनं त्यांना तिथं कितीदा पाहिलं होतं, डोळे मिटून बसलेले. तिला वाटायचं, म्हातारा सावलीत डुलकी काढतोय.

घरात कुणाचंच काही ऐकू न येणारा एकच माणूस होता, म्हणून त्याला संशयितांतून सगळ्यांनी आधीच वगळलं होतं. आणि त्यालाच त्या दुपारी भजनाऐवजी बहिरूचा आवाज आला. खोंड गुरुवारी न्यायचा, बदल्यात पतंग्या द्यायचा, त्याला बाजार दाखवायचा, चालेल का? आबा बराच वेळ गप्प राहिले. मग सवयीनं म्हणाले, "हं." आणि घाबरून चावी बंद केली.

मंगळवारचं चित्रही आता राजेश्वरीच्या डोळ्यांसमोर आलं. रताळ्यांचं पोतं टाकून महिपती घरात न येता आधी आबांशेजारी दगडावर बसला होता. आबाच बोलत होते, हातवारे करत. तेव्हाही तिला राग आला होता, की भाऊ माझ्याकडे यायचा सोडून म्हाताऱ्याजवळ काय बसलाय.

घरी आल्या आल्या तिनं कैलासला ओसरीवर बसवलं.

"मला येक सांगा. पतंग्या बदल्यात द्यायाचा, हे मला बोलला व्हता?"

कैलासची मान खाली गेली. "न्हाई."

"मंग मी भावाला कसं सांगनार? त्येला तर त्ये बी ठावं व्हतं." आणि तिनं बहिरूपासून भजनापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. कोमलचं तेवढं मधलं गाळलं. ते रविवारी आपोआप कळणार होतं.

कैलास ताडकन उठला. आबा गोठ्याशी होते. "आबा! तुमी महिपतीला सांगितलं? पोटच्या पोराचा घात केला?"

"हं," आबा म्हणाले आणि पतंग्याच्या गळ्याखाली हात फिरवत राहिले.

"बग की, हं म्हनत्यात!"

"त्यान्ला ऐकू न्हाई आलं," राजेश्वरी म्हणाली. "तुमी वरसभर त्यांच्याशी असंच बोलताय. ऐकू येतंय तितं बोला."

६

तिनं कैलासचा फोन काढून घेतला. आबांना हाताला धरून चिंचेखाली नेलं, पिकअपमध्ये बसवलं, फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. काचा वर केल्या, चावी अर्धी फिरवली, भजन बंद केलं. मग घरात येऊन स्वतःच्या फोनवरून कैलासचाच नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. त्या डब्याला कुणी कधी न जोडलेला तो फोन आज बरोबर उपयोगी पडला. पिकअपशेजारी उभ्या कोमलनं दार उघडून कॉल घेतला आणि दार परत लावलं.

कैलासनं फोन स्पीकरवर टाकला.

"आबा... ऐकू येतंय का?"

"येतंय," आबांचा आवाज आला. 'हं' नव्हे, चांगला अख्खा शब्द. "कैलास हाय न्हवं? आवाज बारीक झालाय तुजा. जेवलास का न्हाई?"

कैलासनं फोन तोंडाजवळ धरला. "महिपतीला का सांगितलंत?"

"मंग काय करू? पतंग्याला बाजार दावायला निघालास. येका शबुदानं मला इचारलंस? समदं त्या फोनमदी. मी जळलो रं त्या खोंडावर. अजून दावनीला आला न्हाई, तर तू त्येच्यासाटी नवी झूल घिऊन आलास. पतंग्याची झूल पार फाटलीय. त्येच्याकडं बगितलंस कदी? मी बी तसाच, पतंग्यासारका कोपऱ्यात. म्हनलं, खोंडच आला न्हाई तर पतंग्या ऱ्हाईल. महिपती म्हनला, मी न्हेतो खोंड, पतंग्याला हात लावू देत न्हाई. म्हनून सांगितलं."

"मला सांगायचं व्हतं, आबा."

"तुला? तू थांबतोस व्हय माझ्याजवळ?"

बाहेर पतंग्यानं शेपूट झटकलं. शेवटी कैलास म्हणाला, "आबा, तुमच्यापायी मी राजेश्वरीला घराबाह्यर काडायला निघालो व्हतो. समदा आळ तिच्यावर घेतला."

मग आबांचा आवाज चढला, इतका, की तो फोनमधूनही आला आणि चिंचेखालूनही आला.

"राजेश्वरीवर? आन मला कुनी सांगितलं न्हाई? हितं येवडं रामायन झालं आन मला कुनी सांगितलं न्हाई!"

कोण सांगणार होतं! सकाळी त्यांच्यासमोरच तर सगळं झालं होतं.

"आबा, चुकलो मी," कैलास म्हणाला.

"मला नगं सांगू. ती हाय का तितं? तिला म्हन. मोट्यानं म्हन, मला ऐकू येऊ दे."

कैलासनं राजेश्वरीकडे पाहिलं. सकाळी विझवलेला दिवा तसाच ताटात होता, वात एका बाजूला कलंडलेली. मेव्हण्याच्या गाड्यामागे दर साली दुसऱ्या नंबरानं उभं राहणारा तो माणूस इतका लहान झालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"चुकलो, राजेश्वरी."

"ऐकू न्हाई आलं," आबा म्हणाले.

कैलासनं घसा साफ केला आणि अंगणात घुमेल असं ओरडून तेच परत म्हटलं. आबांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं, हे कैलास सोडून सगळ्यांना कळलं. पिकअपला टेकून उभी कोमल तोंडावर हात ठेवून हसत होती.

राजेश्वरीनं पिकअपच्या सीटवरची नवी झूल काढली आणि पतंग्याच्या पाठीवर टाकली. मग कैलासच्या हातातून आपला फोन घेतला, तो कोमलपुढे धरला.

"ह्यो बी जोड डब्याला," ती म्हणाली. "आता मला बी काम हाय पिकअपमदी."